हळदीच्या गोदामातली संध्याकाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटं निघाली की माझा फोन वाजायला लागतो. विचारणारे दर वर्षी नवे असतात, प्रश्न मात्र तेच. बोलून बोलून घसा बसायला लागला, म्हणून यंदा सगळं इथे लिहून ठेवलंय. मी सुरुवातीला दारावर असतो आणि गर्दी आत गेली की मिक्सरच्या, म्हणजे आवाज जुळवायच्या यंत्राच्या, शेजारी. त्यामुळे उत्तरांमध्ये दार आणि आवाज यांवर जरा जास्त बोललो असेन, ते सांभाळून घ्या.

हा कार्यक्रम नेमका कसला आहे?

स्वतःची गाणी स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतःच वाजवणाऱ्यांचा. टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकलेलं किंवा सिनेमात गाजलेलं इथे कुणी नसतं. सांगली, मिरज, तासगाव, कोल्हापूर आणि कधी पुण्याकडून आलेली पोरं-पोरी असतात. कुणी दिवसभर मेडिकलच्या दुकानात बसतं, कुणी शाळेत शिकवतं. एका संध्याकाळी पाच संच, म्हणजे वाजवणाऱ्यांचे गट किंवा बँड, वाजवतात, प्रत्येकाला साधारण चाळीस मिनिटं. जागा म्हणजे सांगलीत नदीकडच्या जुन्या पेठेतलं हळदीचं एक रिकामं गोदाम. मालक वर्षातून दोन दिवस ते उघडून देतात आणि स्वतः पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसतात. त्यांना यातलं काय आवडतं हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही, पण ते उठूनही जात नाहीत.

बँड म्हणजे लग्नातला का?

हसू नका, हा प्रश्न खरंच येतो. आपल्याकडे बँड म्हटलं की लाल कोट आणि ट्रम्पेटच डोळ्यांसमोर येतं. गेल्या वर्षी एका काकांनी पोस्टर वाचून फोन केला आणि थेट वरातीची सुपारीच द्यायला लागले. तर नाही, हा तो बँड नाही. पण वरातीच्या बँडमध्ये वाजवणारा एक मुलगा आमच्याकडे दोनदा येऊन गेलाय. तासन् तास रस्त्यावर चालत वाजवणाऱ्या माणसाचा दम काय असतो, ते त्या दिवशी बाकीच्यांना कळलं.

ओळखीचं एक तरी गाणं होईल का?

बहुतेक नाही. आणि फर्माईश करू नका. चिठ्ठी पाठवलीत तर ती माझ्याकडे येते आणि माझ्या खिशातच राहते. अनोळखी गाणं पहिल्यांदा ऐकताना मन जरा बिचकतं, हे मान्य आहे. दुसऱ्या कडव्यापर्यंत थांबा. धृपद एकदा फिरून आलं की ते निम्मं ओळखीचं झालेलं असतं.

गाणी फोनवर फुकट मिळतात. मग तिकीट कशाला?

फोनवर तुम्हाला फुकट मिळतात, कारण वाजवणाऱ्यालाही जवळजवळ फुकटच मिळतं. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत निदान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचा मोबदलाच निघत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांची कितीतरी गाणी या रेषेच्या अलीकडेच अडकलेली असतात. गाणं केलं, रेकॉर्डिंगचे पैसे भरले, मित्रांनी ऐकलं, आणि हाती शून्य.

तिकीट लावण्याची लाज सांगलीकराने तरी बाळगू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक याच गावात केलं, ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ साली राजे गेले आणि आश्रय संपला. मग भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव हिंडले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांनी खेळ केले. राजा नसेल तर प्रेक्षकाने पैसे द्यायचे, हा हिशेब आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. आमच्याकडे राजा नाही, पुढारी नाही आणि कमानीवर कुणाचा फोटोही नाही. पास मागू नका. 'मी अमक्यांचा पाहुणा' हे वाक्य दारावर चालत नाही. माझी सख्खी आत्याही तिकीट काढून येते, आणि दर वर्षी त्यावरून मला ऐकवते.

किती वाजता यावं? आठला आलं तर चालेल ना?

चालतं, पण नका येऊ. दार पाचला उघडतं आणि पहिला संच साडेपाचला सुरू होतो. सांगलीत साडेपाच म्हणजे साडेसहा असा आपला सगळ्यांचा समज आहे. लग्नाच्या मुहूर्तापुरता तो खरा असेल, इथे नाही. साडेपाच म्हणजे साडेपाचच. मला वाटतं कार्यक्रमाची खरी मजा पहिल्या दोन संचांत असते, आणि हे मी केवळ सद्भावनेने म्हणत नाही. त्यामागे कारण आहे आणि ते भिंतींमध्ये आहे. पुढचा प्रश्न वाचा.

गोदामात आवाज घुमत नाही का?

घुमतो. विटांच्या उघड्या भिंती, सिमेंटची फरशी आणि वर पत्रा. पहिल्या वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आम्ही रिकाम्या गोदामाच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. ती टाळी भिंतीवर गेली, पत्र्यावर गेली, परत आली आणि आम्ही एकमेकांकडे बघेपर्यंत फिरतच राहिली. ड्रमच्या एका ठोक्याचं शेपूट दुसऱ्या ठोक्यावर पडणार आणि गाण्याचे शब्द त्याखाली चिरडणार, हे तिथल्या तिथे कळलं.

मग मार्केट यार्डातून गोणपाट आणलं. जुनी, फाटकी, हळदीचा वास मारणारी पोती उसवून, एकाला एक शिवून दोन्ही लांब भिंतींवर सोडली. भिंतीला चिकटवून नाही, वीतभर पुढे. मागे हवेची पोकळी राहिली की तेच कापड जास्त आवाज पितं. पुन्हा टाळी वाजवली तर शेपूट निम्मं तुटलेलं होतं. पण गोणपाट फक्त वरचे, बारीक सूर शोषतं. ड्रम आणि बेसचे जाड, खालचे सूर त्यातून आरपार जातात आणि पत्रा थरथरवतात. त्यावर इलाज एकच, वाजवणाऱ्याला हळू वाजवायला सांगायचं. ड्रम वाजवणाऱ्या पोराला हळू वाज म्हणणं म्हणजे पैलवानाला हळू कुस्ती खेळ म्हणण्यासारखं आहे.

सगळ्यात चांगलं गोणपाट कुठलं माहितीये? माणूस. अंगावर कपडे असलेली, हिवाळ्यात स्वेटर घातलेली तीनशे माणसं बसली की गोदाम एकदम शहाणं होतं. दुपारी साउंड चेकला जो आवाज नरड्याला लागत होता, तोच रात्री गोड वाटतो. मिक्सरवर मी एक बटण न फिरवता. आता लक्षात घ्या, रात्री शेवटी वाजवणाऱ्या नावाजलेल्या संचाला भरलेलं गोदाम मिळतं. साडेपाचला पहिल्यांदाच माइकसमोर उभ्या राहिलेल्या तासगावच्या पोरीला मिळतात चाळीस माणसं आणि घुमणाऱ्या भिंती. ज्याला चांगल्या आवाजाची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट आवाज. तुम्ही आठऐवजी सव्वापाचला आलात तर काही करायचं नाही, टाळ्याही वाजवायच्या नाहीत. नुसतं स्वेटर घालून बसायचं. तेवढ्याने तिचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचतात.

बसायचं कुठे? चांगलं कुठून ऐकू येतं?

खुर्च्या साठ आहेत, त्या वयस्करांसाठी. बाकीच्यांना सतरंजी. डिसेंबरात फरशी गार पडते, घरचं बस्कर आणलंत तर दुवा द्याल.

अगदी पुढे बसलात तर ड्रम थेट कानावर येतो आणि गाणाऱ्याचा आवाज बाजूच्या स्पीकरमधून डोक्यावरून निघून जातो. कोपऱ्यात तर बसूच नका, तिथे खालचे सूर साचतात आणि तासाभराने डोकं जड होतं. दोन्ही स्पीकरच्या मधोमध, साधारण दोन तृतीयांश मागे, मिक्सरच्या आसपास बसा. मी जे ऐकून आवाज जुळवतो तेच तुम्हाला ऐकू येईल. फक्त माझ्याशी बोलू नका आणि टेबलावर चहाचा कप ठेवू नका. एकदा ठेवला होता. पुढचं सांगत नाही.

आवाज फार मोठा असतो का? कानाला त्रास होईल?

प्रामाणिक उत्तर : पुढच्या रांगांमध्ये होऊ शकतो. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी प्रौढ माणसाला धोका नाही असं जागतिक आरोग्य संघटनेचं गणित आहे. पण दर ३ डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते आणि वेळ निम्मा करावा लागतो. या हिशेबाने १०० डेसिबलला आठवडाभराचा कोटा वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी जे मानक काढलं त्यात १०० डेसिबल सरासरी ही कमाल मर्यादा धरली आहे. आम्ही त्याच्या बरेच खाली राहतो. मिक्सरजवळ मीटर लावलेला असतो, कुणीही येऊन बघा.

दारावर फोमचे बोळे मिळतात. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूला ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट खोचलेला बोळा म्हणजे नुसता दागिना. कापसाने फारसं काही होत नाही. आणि मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर तीन-तीन तास नाचणाऱ्याने मला येऊन 'जरा आवाज कमी करा' म्हणू नये, एवढीच विनंती.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना आणलं तर त्यांना रुचेल का?

रुचेल की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. गेल्या खेपेला हरिपूरहून एक आजी नातीबरोबर आल्या होत्या. पहिली दोन गाणी कानावर पदर घेऊन बसल्या. तिसऱ्याला पदर खाली आला. संच संपल्यावर उठल्या, घामाघूम झालेल्या ड्रमवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दमलास की रं! कणीक मळल्यागत हात चालत होतं तुझं." मग पिशवीतून भडंगाची पुडी काढून त्याच्या हातात दिली. आमच्याकडे आजवर एवढं नेमकं परीक्षण कुणी लिहिलेलं नाही.

लहान मुलं?

आणा. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही. पण त्यांच्या कानांना मोठ्यांपेक्षा जास्त जपा, बोळे त्यांना बसत नाहीत. घरी कानावर घालायचे मोठे मफ असतील तर ते आणा आणि मागच्या दाराजवळ बसा. रडायला लागलं की अंगणात नेता येतं.

शास्त्रीय काही असतं का?

दोन्ही दिवशी एक संच तरी तंबोऱ्यावर असतो. मिरज हाकेच्या अंतरावर असताना तो नसता तर लोकांनी आम्हाला हाकललं असतं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२–१९३७) मिरजेला राहिले, त्यांची कबर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. ती ऐकली नसेल तर आमच्या आधी तिकडे जा.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण वाद्य कसं बोलतं ते कागदावर कळत नाही, रंगमंचामागे कळतं. गेल्या वर्षी मी पाहत होतो. तंबोरा पोत्यावर आडवा ठेवलेला. त्या माणसाने तारेखाली घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, दोऱ्याचा एवढासा तुकडा सरकवला, त्याला ते जीव म्हणतात. केसाएवढा पुढे, तार छेडली, आवाज मुका. केसाएवढा मागे, पुन्हा छेडली, आणि एकाच तारेतून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा गुंजारव. हीच जवारी. तार घोडीच्या किंचित उताराला हलकेच घासत राहते म्हणून तिच्यातले वरचे सूर एकामागून एक उमलतात. त्यांचं जुळवून झालं आणि गोदाम भरलं. माणसांच्या उबेने तारा सैलावल्या, सूर उतरला. पुन्हा पहिल्यापासून. प्रेक्षकांना वाटलं उशीर झाला. मी म्हटलं, हाही कार्यक्रमच आहे, बघा की.

मधल्या वेळेत सिनेमाची गाणी का लावत नाही?

लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाला नाही. त्याचे परवाने घ्यावे लागतात, पैसे भरावे लागतात. शिवाय दोन संचांमधली मोजकी मिनिटं कानांना मोकळी मिळावीत असं मलाही वाटतं. त्या वेळात वायरी बदलताना आम्ही एकमेकांवर ओरडतो, ते ऐका.

पावणेदहालाच का बंद करता? आत्ता कुठे रंग भरतो!

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस गणपती, नवरात्र अशा सणांना जातात. आम्हाला कोण देणार? बंदिस्त सभागृहाला वेगळा न्याय आहे, पण वर पत्रा आणि दोन्हीकडे उघडी दारं असलेल्या गोदामाला सभागृह म्हणण्याचं धाडस माझ्यात नाही. आजूबाजूला राहती घरं आहेत. शेजारच्या वाड्यातले गुरुजी पहाटे चारला उठतात. त्यांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही आणि ती वेळ आम्हाला आणायची नाही.

पोचायचं कसं?

रेल्वेने येणाऱ्यांनी सांगली स्टेशनवर उतरा. गाडी सांगलीला थांबत नसेल तर मिरज जंक्शन. तिथून बस मिळते, वडाप (माणशी भाड्याची जीप) मिळतं, रिक्षाही आहेत. कोल्हापूरहून पन्नास किलोमीटरच्या आसपास, एसटी भरपूर. गाडी पेठेत आणू नका, बोळात दोन दुचाक्या समोरासमोर आल्या की तिसरा कार्यक्रम सुरू होतो. घाटाकडे लावा आणि पाच मिनिटं चाला. संध्याकाळी आयर्विन पुलाकडून चालत आलात तर नदीवरचा वारा फुकट. पूल १९२९चा आहे, अजून आपल्यापेक्षा ताठ उभा आहे.

रात्री परत जाताना काय काळजी घ्यावी?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, तरी घुसडतोय. आपला कार्यक्रम हिवाळ्यात असतो आणि तोच गाळपाचा हंगाम. रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागे दोन-दोन जोडलेल्या, कितींना मागे लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. ऊस बाजूला दोन हात बाहेर आलेला असतो, तो अंधारात दिसतच नाही. तासगाव, इस्लामपूर, जयसिंगपूरकडे दुचाकीवरून जाणाऱ्यांनी सावकाश जा. गाणं कानात वाजत असतं, हात आपोआप पिळला जातो, मला माहीत आहे. शेवटच्या बसची वेळ स्टँडवर आधी विचारून ठेवा.

खायला काय?

अंगणात तीनच गाड्या असतात. भेळ, वडापाव आणि चहा. भेळेत भडंग आपलं, म्हणजे चिरमुऱ्यांना लसूण-तिखटाचा हात लावलेलं, शेंगदाणे सढळ. बाहेरगावचा माणूस पहिला घास घेतो, 'तिखट आहे' म्हणतो आणि पुडी संपवतो. उपवासाचं मिळत नाही. भेळ आत नेता येईल, पण कुरकुर संथ गाण्यात फार लांब ऐकू जाते. तंबोऱ्याच्या वेळी तोंड बंद ठेवा, दोन्ही अर्थांनी.

पिऊन आलं तर?

दारावर मी असतो. नका येऊ.

एकटीने आलं तर कसं वाटेल?

तिकीट काढणाऱ्यांत एकट्या येणाऱ्या बायका बऱ्याच असतात, त्यामुळे कुणी वळून बघत नाही. दारावर आमच्यातल्या दोघीजणी असतात, कार्यक्रम सुटल्यावर रस्त्यापर्यंत सोबत हवी असेल तर त्यांना सांगा. स्वच्छतागृह आहे, वेगळं आहे, दिवा आहे आणि कडी लागते. कडीचं मुद्दाम लिहितोय, कारण पहिल्या वर्षी ती लागत नव्हती आणि त्याबद्दल आम्ही जे ऐकून घेतलं ते योग्यच होतं.

बरोबरच्यांना आत कुठे शोधायचं? फोनला रेंज नसते.

पुराच्या खुणेखाली भेटायचं ठरवा. आत उजव्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे, गोणपाट सोडताना ती मालकांनी मुद्दाम उघडी ठेवायला लावली. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे. बाहेरगावचे लोक त्या रेघेखाली उभे राहून हात वर करतात, हात पोचत नाही, मग थोडा वेळ कुणी बोलत नाही. आमच्या स्टेजची उंची त्या रेघेच्या मानाने काहीच नाही.

लाईट गेली तर?

जनरेटर असतो. दोन वर्षांपूर्वीही होता, फक्त त्यात डिझेल नव्हतं, आणि ते आम्हाला लाईट गेल्यावर समजलं. ज्यांच्याकडून आणला होता त्यांनी "टाकी फुल्ल हाय" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. चूक आमचीही, झाकण उघडून बघितलं नाही. काळोख झाला, स्पीकर मेले. गिटारवाला गप्प झाला. एक मिनिट सगळे मोबाईलचे दिवे शोधत होते. मग कोपऱ्यातून नुसता कॅजॉन, म्हणजे तो ज्यावर बसून वाजवतात तो लाकडी खोका, सुरू झाला, आणि गाणारी मुलगी माइक सोडून सतरंजीच्या कडेला येऊन उघड्या आवाजात गायला लागली. भरलेलं गोदाम, कुणाचा चकार शब्द नाही. अकरा मिनिटांनी लाईट आली तेव्हा दोन-तीन जण "बंद करा" म्हणून ओरडले. आता मी डिझेलमध्ये काठी बुडवून बघतो. तरी कधीकधी वाटतं की मुद्दाम घालवावी.

पाऊस आला तर?

पत्र्यावर अवकाळी कोसळला तर आमच्या सगळ्या स्पीकरपेक्षा त्याचा आवाज मोठा. थांबेपर्यंत चहा.

मोबाईलवर रेकॉर्ड करू का?

एखादं कडवं करा, फ्लॅश बंद ठेवून. पूर्ण संच हात वर करून उतरवू नका, मागच्याला तुमच्या पडद्यातून कार्यक्रम बघावा लागतो. काही जण अजून न आलेली, कच्ची गाणी वाजवून बघतात. ती कुठे टाकण्याआधी त्यांना विचारा, ते भेळेच्या गाडीपाशीच सापडतील.

एखादा संच आवडला नाही तर उठून गेलं तर वाईट दिसतं का?

नाही. फक्त गाणं संपल्यावर उठा. दर वर्षी एक तरी संच मलाही आवडत नाही, आणि मला तर उठताही येत नाही.

कलाकारांना मदत करायची असेल तर?

दाराशेजारी त्यांचं टेबल असतं. टी-शर्ट, कॅसेट, हाताने शिवलेल्या वहीत छापलेली गाणी. हो, कॅसेट. वाजवायला घरी काही नसतं तरी लोक घेतात, आणि ते पैसे मधे कुणाचा हात न लागता त्या पोरांकडे जातात. क्यूआर कोड ठेवलेला असतो, पण रेंजचं वर लिहिलंय, तेव्हा थोडी रोकड आणा. सुटे आणा.

मला वाजवायचंय. काय करू?

तीन गाणी पाठवा, फोनवर घरी रेकॉर्ड केलेली चालतील. मागे कुकरची शिट्टी असली तरी हरकत नाही, एकदा ती ठेक्यात बसली होती. आम्ही फॉलोअर किती ते विचारत नाही. गाणी तुमची असली पाहिजेत आणि साडेपाचला वाजवायची तयारी पाहिजे. सगळ्यांनाच आठचा वेळ हवा असतो. नवीन माणसाला तो मिळत नाही, का ते विचारू नका, हे आमच्यातही भांडणाचं आहे. माझं मत असं की एकदा उलटं करून बघावं, नावाजलेल्यांना साडेपाचला बसवावं. अजून मतदानात हरतोय.

कपड्यांना हळद लागते का?

लागते. गोदाम रिकामं होऊन बरीच वर्षं झाली, तरी फरशीच्या भेगांत आणि पोत्यांच्या विणीत ती आहेच. आमच्या सगळ्या वायरी टोकाला पिवळ्या आहेत. पांढरं घालून येऊ नका. डाग पडलाच तर साबण लावल्यावर तो लाल होईल, घाबरू नका, हळदीचा तो गुणच आहे. धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळत घाला, फिका पडतो. सतरंजीच्या घडीला हात लावून आवरायला मदत केलीत तर तळहातही पिवळे होतील, त्याला मात्र दोन-तीन दिवस लागतात.